ब्लू एकर्सला घर विकलं, आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

न्यू जर्सीत नदीकाठी घर असलेल्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय, कारण पुरात बुडणारं घर सरकारला विकण्याच्या या सगळ्यातून आम्ही गेलो तेव्हा मराठीत समजावून सांगणारं कोणी भेटलं नाही.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचं पाणी बेसमेंट भरून वर किचनमध्ये आलं. सकाळी पाणी उतरलं तर भिंतीवर पट्टीने आखल्यासारखी तपकिरी रेघ, आणि देवघरातला गणपती फ्रीजच्या मागे चिखलात सापडला. २०११ ला आयरीन वादळातही बेसमेंट गेलंच होतं. नवरा म्हणाला परत दुरुस्त करू, मी म्हटलं बास झालं आता.

ब्लू एकर्स म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याची योजना, १९९५ पासूनची, २०१२ च्या सँडी वादळानंतर खूप वाढली. वारंवार बुडणारी घरं विकत घेतात, पाडतात आणि ती जागा कायमची मोकळी ठेवतात, तिथे परत घर होत नाही. जबरदस्ती अजिबात नाही. भाव पुराच्या आधीचा धरता येतो ही फार मोठी गोष्ट आहे, नाहीतर चिखल भरलेल्या घराला कोण काय देणार होतं? आम्हाला एक केस मॅनेजर मिळाल्या, तोच तोच प्रश्न चारदा विचारला तरी न वैतागता सांगायच्या, त्यांचे उपकार विसरणार नाही.

पण सरकार घेतंय म्हणजे आपण सही करून मोकळे असं नसतं हो. फेमाच्या (केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या) योजनेतून घर घेत असतील तर साधारण ७५ टक्के पैसे फेमाचे, उरलेले राज्य घालतं, टाऊनला त्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सवर कायमचं पाणी सोडावं लागतं म्हणून टाऊन राजी असणं महत्त्वाचं, घरावर लोन असेल तर बँकेने वेळेत कागद द्यायला हवेत (आमच्या बँकेने एका पत्रासाठी कित्येक महिने घालवले), आणि राहिलेला वाटा आपला.

आपला वाटा म्हणजे पावत्या. इन्शुरन्सकडून किंवा फेमाकडून दुरुस्तीसाठी मिळालेले पैसे घराच्या किमतीतून वजा करतात, कारण एकाच नुकसानीचे दोनदा पैसे देता येत नाहीत, पण ते दुरुस्तीवरच खर्च झाले हे दाखवलं तर तेवढे कापत नाहीत. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने चार फुटांपर्यंत ड्रायवॉल (भिंतीचे प्लास्टर बोर्ड) कापली, कॅश घेतली आणि पावती मागितल्यावर फोन उचलणंच बंद केलं. सामानाच्या पावत्या मी गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवल्या होत्या, उन्हाने सगळ्या कोऱ्या झाल्या, एक अक्षर दिसत नव्हतं. ते पैसे गेलेच. प्लीज, पावती हातात आली की तिथेच फोटो काढा आणि चेकनेच पैसे द्या.

एक स्टार कमी दिला कारण जुन्या भावात त्याच शाळेच्या हद्दीत कोरड्या जागी घर मिळत नाही, मुलीला शाळा बदलावी लागली. शेजारचे काका घर सोडायला तयार नाहीत, त्यांचं वय बघता मी समजू शकते, पण दोन मोकळ्या प्लॉटच्या मध्ये एकच घर उरलं की टाऊनला त्या एकासाठी रस्ता, पाणी, गटार सगळं चालू ठेवावं लागतं आणि पूर आला की बोट घेऊन जावं लागतं ते वेगळंच.

अजून एक. आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू होते. फेडरल पैशातून घर घेतलं आणि त्यामुळे भाडेकरूला जावं लागलं तर त्यालाही दुसरीकडे जाण्यासाठी मदत मिळते, हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि तोवर ते बिचारे स्वतःच्या खर्चाने ट्रक लावून निघून गेले होते, माझ्या मनाला अजून लागून आहे ते. तुमच्याकडे कोणी भाड्याने राहत असेल तर त्यांना आधी सांगा आणि अर्ज करतानाच त्यांचं नाव केस मॅनेजरला द्या, ते बाहेर पडायच्या आधी.