लष्कराची ‘बाकीची कामं’: फौजेने करावीत की कंत्राटदाराने?

‘लष्कराने लढावं, बाकीची कामं खासगी कंपन्यांनी करावीत’ हे वाक्य ऐकायला इतकं सरळ आहे की ‘बाकीची’ म्हणजे नेमकी कोणती, हे विचारायचंच राहून जातं. जवानांचं दूध, छावणीतल्या घरांची डागडुजी, ट्रकची देखभाल, इंजिनाचं ओव्हरहॉलिंग, रणगाडा ट्रेलरवर चढवून शेकडो किलोमीटर नेणं आणि गोळीबार चालू असताना गाळात रुतलेलं वाहन बाहेर काढणं, ही सगळी ‘बाकीची’च. सगळ्यांना एकच न्याय लावला की निर्णय फसणारच. या विषयावर टिपण लिहायचं असेल, समितीत मत द्यायचं असेल किंवा स्वतःच निविदा भरायची की नाही हे ठरवायचं असेल, तर समोर साधारण चार वाटा दिसतात. काम स्वतःकडे ठेवा. मालकी सरकारची ठेवून कारभार कंत्राटदाराला द्या. कंत्राटदार नेमा, पण त्याच्या माणसांना वेळ पडल्यास वर्दी चढवा. नाहीतर सगळा पसारा एखाद्या बड्या कंपनीकडे सोपवून मोकळे व्हा.

आपल्याकडे या चर्चेला जोर आला तो लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर (निवृत्त) यांच्या समितीमुळे. डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल आला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने त्यातल्या ६५ शिफारशी स्वीकारल्या. सुमारे ५७,००० पदं लढाऊ कामाकडे वळवायची, ३९ लष्करी दुग्धशाळा बंद करायच्या, बेस वर्कशॉपची पुनर्रचना करायची, असा तो बेत होता.

दुग्धशाळांचं सोपं होतं. पहिली लष्करी दुग्धशाळा १८८९ मध्ये अलाहाबादला निघाली, तेव्हा गोऱ्या पलटणींना खात्रीचं दूध बाहेर मिळत नव्हतं. आज सहकारी संघांचे टँकर कुठेही पोचतात. मार्च २०२१ मध्ये त्या दुग्धशाळा बंद झाल्या, त्याला माझी काही हरकत नाही. दूध एकाने दिलं नाही तर दुसरा देतो, आणि एक दिवस उशीर झाला म्हणून कुणाचा जीव जात नाही. छावणीतली बांधकामं तर एमईएसचे (लष्कराच्या बांधकाम खात्याचे) कंत्राटदार वर्षानुवर्षं करतच आले आहेत. एवढ्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

खरा वाद बेस वर्कशॉपपासून सुरू होतो. १५ ऑक्टोबर १९४३ ला स्थापन झालेल्या ईएमईची, म्हणजे लष्कराची यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलाची, अशी आठ वर्कशॉप आहेत. दिल्लीचं ५०५, आपल्या खडकीचं ५१२ ही त्यातलीच. तिथे वाहनं पार उघडून पुन्हा उभी केली जातात. प्रस्ताव असा, की जमीन, इमारती, यंत्रं सरकारची राहतील आणि चालवणारा कंत्राटदार असेल. संरक्षण खात्यातल्या कामगार संघटनांनी याला कडाडून विरोध केला. त्यांचा विरोध नोकऱ्यांसाठी आहे हे उघड आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण खर्चाचं गणित मांडणाऱ्यांकडूनही एक गोष्ट नजरेआड होते.

बाहेर देण्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद निवृत्तिवेतनाचा असतो. २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींच्या संरक्षण अर्थसंकल्पात जवळपास १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनाचेच आहेत. आकडा डोळ्यांत भरतो खरा. पण बेस वर्कशॉपमधला मोठा भाग नागरी कर्मचाऱ्यांचा आहे, आणि केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या नागरी कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन लागू नाही. ती राहिली सैन्यदलांना. म्हणजे वर्कशॉप कंत्राटदाराला दिल्याने पेन्शनचा बोजा जितका हलका होईल असं सांगितलं जातं, तितका होणार नाही. बचत झालीच तर ती कामाच्या वेगातून, सुट्या भागांच्या खरेदीतून आणि यंत्रं रिकामी न ठेवण्यातून होईल. ती होऊ शकते, पण मग हिशेबही तोच मांडायला हवा.

ब्रिटनने याच्या पुढची पायरी गाठली. लष्करी वाहनांची देखभाल करणारी सरकारी संस्था, डिफेन्स सपोर्ट ग्रुप, २०१५ मध्ये १४ कोटी पौंडांना बॅबकॉक कंपनीला विकली आणि दहा वर्षांचं देखभालीचं कंत्राटही तिलाच दिलं. आपल्या प्रस्तावात निदान मालकी सरकारकडे राहते. माझ्या मते हा फरक कागदोपत्री वाटतो त्याहून फार मोठा आहे. कंत्राटदार बदलता येतो. विकलेलं वर्कशॉप परत उभं करायला एक पिढी जाते.

ब्रिटनचाच दुसरा प्रयोग मात्र नीट अभ्यासावा असा आहे. रणगाडे वाहून नेणारे अवजड ट्रेलर त्यांनी २००१ मध्ये वीस वर्षांच्या करारावर फास्टट्रॅक्स या कंपनीकडे दिले; तिच्यामागे केबीआर ही बडी अमेरिकी कंपनी होती. ७२ टनांपर्यंतचा बोजा ओढणारी ९२ ऑशकॉश वाहनं, ती ठेवणं, दुरुस्त करणं, चालवणं, सगळं कंपनीकडे. गंमत चालकांमध्ये आहे. १९९६ च्या राखीव दलविषयक कायद्यात ‘पुरस्कृत राखीव’ अशी तरतूद आहे. कंपनीचा चालक शांततेत कंपनीचा नोकर, मोहिमेवर जायची वेळ आली की राखीव सैनिक. वर्दी, प्रशिक्षण, लष्करी कायदा सगळं लागू. ‘माझ्या नेमणूकपत्रात हे नाही’ म्हणायची सोय त्याला उरत नाही.

अमेरिकेने ती सोय ठेवली आणि त्याची किंमतही पाहिली. १९८५ मध्ये आखलेल्या त्यांच्या ‘लॉगकॅप’ योजनेखाली १९९२ पासून जेवण, तंबू, इंधन, वाहतूक असं सगळं मोठ्या कंपन्यांकडे जात राहिलं. वेगात या पद्धतीला तोड नाही. वाळवंटात काही आठवड्यांत गाव उभं राहतं. पण ९ एप्रिल २००४ ला अबू गरीबजवळ केबीआरच्या इंधन टँकरच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि सहा नागरी चालक मारले गेले. पगारासाठी इराकला आलेली माणसं होती ती. पुढे २०११ मध्ये युद्धकाळातील कंत्राटांची चौकशी करणाऱ्या आयोगाने इराक-अफगाणिस्तानात ३१ ते ६० अब्ज डॉलर उधळपट्टी आणि लबाडीत गेल्याचा अंदाज दिला. आणि २०२१ मध्ये अफगाण हवाई दलाची विमानं सांभाळणारे परदेशी कंत्राटदार निघून गेले, तशी ती विमानं जमिनीवरच राहू लागली. दुरुस्ती शिकवण्याऐवजी विकत घेत राहिल्याचा तो परिणाम होता.

कंत्राटदार ऐनवेळी कोसळला तर खड्डा कोण भरतं, याचंही उत्तर लंडनमध्ये मिळालं. २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी जीफोरएस या खासगी सुरक्षा कंपनीला पुरेसे सुरक्षारक्षक उभे करता आले नाहीत, तेव्हा स्पर्धेला जेमतेम दोन आठवडे असताना ३,५०० जादा सैनिक लावावे लागले. इथे फौज कंत्राटदाराची राखीव ठरली. त्याचा खर्च तुलनेच्या कोणत्याही तक्त्यात आधी कुणी धरलेला नसतो.

आता रिकव्हरीकडे, म्हणजे रुतलेलं किंवा बंद पडलेलं वाहन बाहेर काढण्याकडे येतो, कारण या सगळ्या वादाची खरी कसोटी तिथे आहे. द्रुतगती मार्गावर उलटलेला कंटेनर क्रेनवाला तासाभरात बाजूला घेतो, मग लष्कराचं वाहन काढण्यात एवढं काय, असं वाटतं. रस्त्यावर काही नाहीच. बंद पडलेला ट्रक छावणीपर्यंत ओढून आणणं हे सरळ क्रेन-ट्रेलरचं काम आहे आणि ते बाहेर द्यायला हरकत नाही. रुतलेल्या रणगाड्याचं गणित वेगळं. टी-७२ चं वजन चाळीस टनांच्या वर. तो चाकांपर्यंत रुतला तर ओढायला साधारण त्याच्या वजनाइतका जोर धरतात. चिखल चाकांवरच्या पत्र्यापर्यंत आला तर दुप्पट, बुरुजापर्यंत गेला तर तिप्पट. म्हणजे सव्वाशे टनांच्या आसपास. एवढा जोर एका विंचमध्ये, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्रात, नसतो. मग स्नॅच ब्लॉक (कप्पी) लावून दोर दुहेरी-तिहेरी करायचा, आधारासाठी जमिनीत नांगर (अँकर) रोवायचा, कोन धरायचा. ताणलेली तार तुटली तर माणूस कापला जातो. आणि हे करताना गाडीत दारूगोळा भरलेला असतो, आजूबाजूला सुरुंग असू शकतात, रात्र असते, दिवा लावायची परवानगी नसते. म्हणून तर रिकव्हरीची गाडीही चिलखती लागते, रणगाड्याच्याच सांगाड्यावर बांधलेली. आपल्याकडची पोलिश बनावटीची डब्ल्यूझेडटी-३ तशीच आहे.

शिवाय वेळेचा मुद्दा. रुतलेला रणगाडा मागून येणाऱ्या सगळ्या ताफ्याची वाट अडवतो. निविदेत ‘चार तासांत प्रतिसाद’ लिहिता येतं, उशिराला दंड लावता येतो. पण अडलेल्या तुकडीला त्या दंडाचा उपयोग शून्य.

कायद्याची बाजूही बघा. लष्कर कायदा १९५० च्या कलम २(१)(आय) नुसार मोहिमेवर, छावणीत, कूचवर किंवा ठरावीक सीमाचौकीवर फौजेच्या सेवेत किंवा सोबत असलेली नागरी माणसंही लष्करी कायद्याखाली येऊ शकतात. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात फौजेसोबतच्या कंत्राटदारांना पकडले गेल्यास युद्धकैद्याचा दर्जा आहे, ओळखपत्र सोबत असावं एवढीच अपेक्षा. म्हणजे कायदा अगदीच गप्प नाही. मात्र कलमाच्या बळावर पोलादी दोर घेऊन सुरुंगक्षेत्रात उतरणारा माणूस तयार होत नाही. त्यासाठी आधी सराव आणि शेजारच्या जवानावरचा भरवसा लागतो.

याचा अर्थ नागरी माणूस धोक्याच्या जवळ जातच नाही असा नाही. लडाखमध्ये हिवाळ्याआधीचा साठा भरायला लष्कर दरवर्षी भाड्याचे नागरी ट्रक घेतं, आणि झोजिलासारखे घाट पार करणारे ते चालक काही लेचेपेचे नसतात. ती व्यवस्था टिकली, कारण काम हंगामी आहे, मार्ग ठरलेला आहे आणि एक ट्रकवाला नाही आला तर दुसरा मिळतो.

मला विचाराल तर वाटणी अशी करावी. दूध, इमारती, साफसफाई, शांततेतली प्रवासी वाहनं आणि रस्त्यावरचं टोइंग बाहेर द्या, फार चर्चा नको. बेस वर्कशॉप एकेक करून, मालकी सरकारकडे ठेवून, निदान निम्मी पूर्णपणे ईएमईच्या ताब्यात ठेवून प्रयोगाला लावा. रणगाड्यांची लांब पल्ल्याची वाहतूक ब्रिटिश पद्धतीने देता येईल. आपल्याकडे तेल क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रादेशिक सेनेच्या (टेरिटोरियल आर्मीच्या) तुकड्या आहेतच, त्यामुळे नोकरी कंपनीची आणि वर्दी गरजेपुरती ही कल्पना आपल्याला परकी नाही. आघाडीवरची रिकव्हरी मात्र देऊ नये. ती महाग पडते, तिच्या गाड्या वर्षातले बरेच महिने नुसत्या उभ्या दिसतात, लेखापरीक्षकाच्या डोळ्यात खुपतात. खुपू द्या.

क्रेन-ट्रेलरचा धंदा असलेल्यांनी निविदा भरताना दर सांगण्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात: बिल किती दिवसांत पास होणार, आपल्या माणसांचा विमा युद्धजन्य परिस्थितीतली इजा धरतो का (बहुतेक साध्या पॉलिसी धरत नाहीत), आणि कामाची हद्द नकाशावर आखलेली आहे की ‘आवश्यकतेनुसार कुठेही’ असं मोघम लिहिलं आहे.

देणाऱ्या बाजूने सही करणाऱ्याने सगळ्यात आधी करार संपण्याचं कलम उघडावं. दुरुस्तीच्या नोंदी, जिग (सुटे भाग धरून ठेवणारे साचे), खास हत्यारं, संगणकातला डेटा कुणाचा, हे तिथे नावानिशी लिहिलेलं हवं. नवा कंत्राटदार येईपर्यंत जुन्याने किती महिने थांबायचं हेही. आणि करार चालू असताना दरवर्षी ईएमईचे ठरावीक संख्येने कारागीर त्याच शेडमध्ये, त्याच इंजिनांवर हात चालवतील अशी अट घालावी. ती मान्य नसलेल्या कंत्राटदाराची निविदा सर्वांत कमी दराची असली तरी बाजूला ठेवावी.