टीपी-लिंक डेको एम४: केबल ओढणार असाल तरच घ्या

डेको एम४ हा मेश संच, म्हणजे घरभर एकच वाय-फाय पसरवणाऱ्या युनिटांचा जोड. तो वाय-फाय ५ च्या पिढीतला, म्हणजे जुना. तरी १००-२०० एमबीपीएसचं फायबर असलेल्या दुमजली किंवा लांबट घराला तो आजही पुरतो. अट एकच: दोन युनिट एकमेकांना केबलने जोडायची.

कारण बांधणीतच आहे. एम४ मध्ये दोनच रेडिओ आहेत, २.४ गिगाहर्ट्झचा ३०० एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झचा ८६७ एमबीपीएस. दोन्ही आकडे कागदावरचे. मोबाइलच्या हातात यापेक्षा बरंच कमी पडतं. ट्राय-बँड, म्हणजे तीन रेडिओंच्या संचांत युनिटांना आपापसात बोलायला आणखी एक रेडिओ असतो, तो इथे नाही. दुसरं युनिट ज्या ५ गिगाहर्ट्झवर पहिल्याकडून डेटा घेतं, त्याच रेडिओवरून तो तुमच्या मोबाइलला देतं. घेणं आणि देणं एकाच वेळी जमत नाही, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. मध्ये नऊ इंची भिंत किंवा स्लॅब आला, की त्या निम्म्यातलंही बरंचसं जातं.

बिनतारीच वापरायचं असेल तर निदान जागा नीट निवडा. रेंज नसलेल्या खोलीतच दुसरं युनिट ठेवण्याची चूक सर्रास होते. त्या युनिटलाच सिग्नल पोचत नसेल तर ते पुढे काय देणार? ते मधल्या वाटेवर, दार किंवा जिन्याच्या मोकळ्या रेषेत ठेवावं. टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर नको.

केबल टाकली की हा संच खरा खुलतो. प्रत्येक युनिटला दोन गिगाबिट पोर्ट आहेत आणि वॅन (बाहेरून नेट येणारा) कुठला, लॅन (घरातल्या उपकरणांचा) कुठला हे ते आपोआप ओळखतात. टीव्हीच्या डिश केबलसाठी टाकलेला पाइप बऱ्याच घरांत असतो. त्यातून स्प्रिंग घालून कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल ओढता येते. विजेच्या वायरींच्या पाइपातून मात्र ती नेऊ नका. केबल शुद्ध तांब्याची मागा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो आणि ती वाकवताना आत तुटते. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखाच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नाही तर नेट चालतं, पण वेग १०० एमबीपीएसच्या आत अडकतो. मग दोष राउटरला दिला जातो आणि चूक क्रिम्पिंगची, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवण्याची असते.

जोडणीची गल्लत इथेच जास्त होते. डेको राउटर मोडमध्ये, म्हणजे घरातलं नेटवर्क स्वतः चालवत असेल तर दुसऱ्या युनिटची केबल मुख्य डेकोतूनच निघाली पाहिजे, नेटवाल्याने बसवलेल्या फायबरच्या डब्यातून नाही. दोनपेक्षा जास्त युनिट असतील तर मुख्य युनिटच्या पुढे साधा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच लावा. फायबरचा डबा स्वतःच राउटरचं काम करत असेल आणि डेकोही राउटर मोडमध्ये असेल, तर दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. डब्याला जोडलेला प्रिंटर डेकोवरच्या लॅपटॉपला सापडेनासा होतो, आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी पोर्ट (बाहेरून पोचायची वाट) उघडायचा असेल तर तो दोन ठिकाणी उघडावा लागतो. सोपा उपाय म्हणजे ॲपमध्ये ॲडव्हान्स्डखाली ऑपरेशन मोड बदलून ॲक्सेस पॉइंट करणं, म्हणजे डेकोला फक्त वाय-फाय पसरवायला ठेवणं, आणि डब्याचं वाय-फाय बंद करणं. मात्र या मोडमध्ये मुलांसाठीचं नियंत्रण आणि क्यूओएस (कोणत्या उपकरणाला आधी वेग द्यायचा ते ठरवणं) मिळत नाही. ते हवं असेल तर नेटवाल्याकडून डबा ब्रिज मोडवर करून घ्यावा, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नेट नुसतं पुढे देतो.

स्मार्ट प्लग आणि बल्ब बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. डेको दोन्ही बँडना एकच नाव देतो, त्यामुळे मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असताना काही उपकरणं पेअरच होत नाहीत. मुख्य नेटवर्कचं ५ गिगाहर्ट्झ पाच मिनिटं बंद करा, पेअरिंग उरका आणि पुन्हा चालू करा. प्लग जागचा हलत नाही, त्यामुळे त्याच्यापुरतं ॲपमधलं ‘मेश टेक्नॉलॉजी’ हे सेटिंग बंद केलेलं बरं. मग तो या युनिटवरून त्या युनिटवर उड्या मारत नाही. ही उपकरणं गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या) नेटवर्कवर ठेवणं सुरक्षित, पण टीव्हीवर कास्ट करायचं असेल तर टीव्ही मुख्य नेटवर्कवरच हवा.

कमतरताही आहेत. यूएसबी पोर्ट नाही, भिंतीवर टांगायची सोय नाही, आणि बहुतेक सेटिंग मोबाइल ॲपमधूनच करावी लागतात, त्यासाठी टीपी-लिंकचं खातं उघडावं लागतं. प्लॅन ५०० एमबीपीएसचा असेल किंवा केबल टाकणं शक्यच नसेल, तर हा संच घेऊ नका. थोडे जास्त पैसे घालून ट्राय-बँड पाहा. वीज जाणाऱ्या भागात मिनी यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, आणि फायबरच्या डब्यालाही एक घ्या. तो बंद पडला तर डेको चालू राहूनही उपयोग नाही.