मोठ्या अक्षरातली बायबलमधली स्तोत्रसंहिता, घ्याच

आईसाठी घेतलं, अक्षर मस्त टपोरं आहे, चष्म्याशिवाय वाचता येते म्हणते. दीडशेही स्तोत्रं आहेत. पेरणी झाली की आमच्या इकडे सगळे आभाळाकडे पाहत राहतात नं, तवा ६५ वं वाचा, देव जमिनीला पाणी पाजतो, नांगराच्या तासांत मुरवतो, ढेकळं विरघळवतो, कोंबाला आशीर्वाद देतो, आपल्याच पऱ्हाटीच्या वावरात उभं राहून लिहिल्यासारखं वाटते. १४५ मध्ये तो हात उघडून प्रत्येक जिवाला तृप्त करतो, आई जेवणाआधी तेच वाचते. पीक बुडालेल्यांनी आधी १२६ काढा, रडत पेरणारे आनंदानं कापणी करतील म्हणते, लय धीर येते. कागद पातळ आहे, मागची शाई दिसते, बाइंडिंगही कच्ची. तरी चर्चमधल्या म्हाताऱ्या बायांसाठी अजून मागवतो आहे.