आगा की साधा रेंज कुकर?

यॉर्कशरमधल्या जुन्या दगडी घरात राहायला गेलेली भाची स्वयंपाकघर इंग्लिश फार्महाउस पद्धतीचं करते आहे. बेलफास्ट सिंक (चिनीमातीचं खोल, चौकोनी सिंक) ठरलं, पाइनचं टेबल ठरलं. घोडं अडलंय शेगडीपाशी: आगा, म्हणजे उष्णता साठवून ठेवणारी बिडाची जड शेगडी घ्यावी, की साधा रेंज कुकर, म्हणजे वर बर्नर आणि खाली ओव्हन असलेली रुंद शेगडी?

आधी खर्च. पारंपरिक आगा दिवसरात्र तापलेली राहते, म्हणजे रांधा वा न रांधा, तेल किंवा गॅस जळतोच. बंद करता येणारी विजेची मॉडेलं आता मिळतात, पण साध्या रेंज कुकरपेक्षा ती खूपच महाग. शिवाय वजन शेकडो किलो. जुनी जमीन ते पेलेल का, हे तपासून घ्यावं लागतं.

टिकण्यात मात्र आगाला तोड नाही. गुस्ताफ दालेन या नोबेलविजेत्या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1922 साली ती काढली. बिडाचं जाड अंग उष्णता धरून ठेवतं, आणि कित्येक दशकं चाललेल्या आगा इंग्लंडात आजही आहेत.

खरी गोम रांधण्यात आहे. जुन्या आगावर आच कमी-जास्त करायची खुंटीच नाही. भांडं शेगडीवरच्या कडक तव्यावरून (तापलेल्या सपाट चकतीवरून) मंद तव्यावर, नाहीतर भट्टीत सरकवायचं. तव्यावरचं झाकण फार वेळ उघडं राहिलं की साठलेली धग जाते. मटण तासन्‌तास शिजवायला झकास! पण फोडणी होताच आच उतरवणं, फुलका ज्वाळेवर फुगवणं, ही कामं गॅसचीच.

घर गारठलेलं, माणसं दिवसभर घरात आणि बैठक स्वयंपाकघरातच, तर आगा घ्यावी. दोघंही सकाळी कामावर जात असतील तर क्रीम रंगाचा गॅस बर्नरवाला रेंज कुकर. दिसण्यात फारसा फरक पडत नाही. आगाच हवी असेल, तर उन्हाळ्यात ती बंद ठेवून वापरायच्या छोट्या शेगडीचाही खर्च धरा.