बॅक्लोफेन: आठ-नऊ महिने रोज घेतल्यानंतर

मणक्याला मार लागल्यावर सुरुवातीला माझे पाय लुळे होते. काही आठवड्यांनी ते कडक व्हायला लागले. घरच्यांना वाटलं, ताकद येतेय. ती स्पॅस्टिसिटी होती. मेंदूकडून येणारा आवर मज्जारज्जूच्या दुखावलेल्या भागातून नीट खाली पोचत नाही, म्हणून जरा काही लागलं की खालचा भाग परस्पर स्नायू आवळून टाकतो. रात्री गुडघे पोटाशी असे आखडायचे, की ह्यांचीही झोप मोडायची. त्यावर बॅक्लोफेन ही स्नायू सैल करणारी गोळी सुरू झाली, ती अजून चालू आहे.

कंबर धरल्यावर देतात त्या गोळ्यांपेक्षा हे प्रकरण वेगळं आहे. त्या गोळ्यांत वेदनाशामकासोबत क्लोरझोक्साझोन किंवा थायोकोल्चिकोसाइड असं स्नायू सैल करणारं औषध असतं आणि त्या थोड्या दिवसांपुरत्याच घ्यायच्या असतात. थायोकोल्चिकोसाइडचं मूळ आपल्याकडच्या कळलावीत सापडणाऱ्या द्रव्यात आहे. त्याच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये सात दिवसांची मर्यादा घालायला सांगितली. बॅक्लोफेन मात्र महिनोन् महिने घेतात. १९६२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत ते फिट्ससाठी बनवलं होतं. तिथे फारसं चाललं नाही, पण कडक स्नायूंवर उपयोगी पडलं. मज्जातंतूंना शांत करणारं गाबा नावाचं रसायन आपल्या शरीरात असतं. बॅक्लोफेनची रचना त्याच्यासारखी आहे. ते मज्जारज्जूतल्या गाबा-बी ग्राहकांवर, म्हणजे गाबाचा संदेश घेणाऱ्या जागांवर (रिसेप्टर), बसतं आणि स्नायू आवळणारे संदेश कमी करतं. म्हणजे गोळी पायासाठी असली, तरी तिचं काम पायात चालत नाही. गुंगी येते तीही म्हणूनच, कारण असे ग्राहक मेंदूतही आहेत.

सुरुवात ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू वाढ. पहिले दोन आठवडे दुपारी भयंकर पेंग यायची, वाचताना ओळ सुटायची. ते पुढे बरंच कमी झालं. १० मिलिग्रॅम तीनदा झाल्यावर रात्रीचं आखडणं निम्म्यावर आलं, आणि मला वाटलं, वाढवत गेलं की उरलेलंही जाईल. २० तीनदा झालं तेव्हा पाय खरोखर सैल पडले, इतके की वॉकर धरून उभी राहिले आणि उजवा गुडघा दुमडला. फिजिओताईंनी कमरेचा पट्टा धरला होता म्हणून पडले नाही. त्यांनीच समजावलं, की माझ्या मांडीत स्वतःची ताकद कमी आहे. उभं राहताना गुडघा सरळ ठेवायचं काम तो कडकपणाच करत होता. सगळा काढून टाकला तर उभं कशावर राहणार? डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने डोस खाली आणला. आता सकाळ-दुपार १० आणि रात्री २०. झोप लागते आणि दिवसा उभंही राहता येतं. हा माझा डोस आहे, कोणी तो उचलू नये. औषध मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी कमजोर असेल तर थोडा डोसही जास्त होतो.

गोळीचा जोर काही तासच टिकतो, म्हणून पहाट वाईट जाते. पलंगाच्या कडेला बसून चवडा फरशीला टेकवला की टाच टकटक टकटक उडायला लागते. गुडघ्यावर तळवा ठेवून टाच खाली दाबून धरते, मग थांबते.

या गोळीने होणाऱ्या बद्धकोष्ठतेबद्दल मला आधी कोणी बोललं नव्हतं, आणि तिचा त्रास दुहेरी आहे. पोट साफ नसलं की पाय जास्त आखडतात. भरलेलं मूत्राशय, लघवीतला जंतुसंसर्ग, नखुरडं, घट्ट बूट यांनीही तेच होतं. त्यामुळे पाय अचानक कडक झाले तर मी डोसचा विचार करण्याआधी ही कारणं तपासते. लघवीच्या संसर्गावर सिप्रोफ्लॉक्सासिन सर्रास देतात. टिझॅनिडीन (कडक स्नायूंवरचंच दुसरं औषध) घेणाऱ्यांनी ते मुळीच घेऊ नये, रक्तदाब धोकादायक खाली जातो. बॅक्लोफेनला ही अडचण नाही, पण दुसऱ्या डॉक्टरांना चालू गोळ्यांची नावं सांगाच.

सगळ्यात कळकळीने सांगते: ही गोळी एकदम बंद करू नका. महिनोन् महिने घेऊन अचानक थांबवली तर फिट्स येऊ शकतात, भास होतात, ताप चढतो, आखडणं दुप्पट जोराने परततं. गावी जाताना मी दोन पाकिटं दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवते, आणि शेवटची पट्टी फोडायच्या आधी नवीन आणलेली असते.

उजवा घोटा अजून ऐकत नाही. एका घोट्यासाठी सगळ्या अंगाचा डोस वाढवण्यात अर्थ नाही, म्हणून पोटरीत बोट्युलिनमचं, स्नायू सैल करणारं इंजेक्शन द्यायचं ठरतंय. ते टोचलेल्या स्नायूपुरतंच काम करतं आणि साधारण तीन महिने टिकतं. तोवर रात्रीची गोळी आणि सकाळचं स्ट्रेचिंग, दोन्ही चालू.