केसपेपरवरची ‘घरी लागलं’ ही ओळ आणि अंगठ्याचे पाच लाख

सरकारी खात्यात किंवा पालिकेत कंत्राटदारामार्फत लागलेल्या कामगाराला इजा झाली, की त्याची फसवणूक बहुतेक वेळा पहिल्या दोन तासांतच उरकलेली असते. पंपहाउसात पट्ट्याला जाळी नाही, अंगठा आत जातो. सुपरवायझर रिक्षात घालून ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतो. डॉक्टर विचारतात, कसं लागलं? जखमी तोंड उघडायच्या आत सुपरवायझर सांगून मोकळा होतो, ‘घरी दारात सापडलं.’ केसपेपरवर तेच उतरतं. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) होत नाही, पोलिसांत नोंद जात नाही. इकडे मस्टरवर त्या दिवसाची हजेरी खोडून गैरहजेरी लागते.

म्हणून शुद्धीवर असाल तर ठिकाण, वेळ आणि यंत्र डॉक्टरांना स्वतः सांगा, नसाल तर बरोबरच्याने सांगावं. केसपेपरचा फोटो लगेच काढा. चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्तीचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. मस्टरच्या पानाचा फोटो एखाद्या सहकाऱ्याला त्याच संध्याकाळी काढायला सांगा. दुसऱ्या दिवशी ते पान तसंच असेल याची खात्री नसते.

चार-पाच दिवसांनी कंत्राटदाराचा माणूस येतो तो पाचशेचा स्टॅम्प पेपर घेऊन. ‘उपचाराचा सर्व खर्च मिळाला, चाळीस हजार रोख मिळाले, यापुढे कोणतीही तक्रार नाही.’ खाली सही, नाहीतर डाव्या हाताचा अंगठा (उजवा बँडेजमध्ये). यात दोन लबाड्या आहेत. पहिली, कामावर झालेल्या इजेच्या उपचाराचा खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो, तो भरपाईत धरताच येत नाही. दुसरी, हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. भरपाईची तडजोड असे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा फसवणूक दिसली तर ते नोंदणी नाकारू शकतात. नोंदणीच केली नाही तर मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी तशीच राहते. दिलेल्या पैशांपैकी अर्ध्यापेक्षा जास्त त्याला वजाही करता येत नाहीत, आयुक्तांनी वेगळा आदेश दिला तरच येतात. मग तो कागद करतात कशाला? कामगाराने ‘आता सही केली, संपलं’ म्हणत गप्प बसावं म्हणून. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे. ती सरली की बिनकामाच्या कागदाने आपलं काम केलेलं असतं.

चाळीस हजार किती कमी, ते पाहा. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात (या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आल्या आहेत) ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००. वय ३५ असेल तर गुणक (वयानुसार कायद्यात ठरवून दिलेला आकडा) १९७.०६, म्हणजे १७,७३,५४०. अंगठा पूर्ण गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं कायद्याच्या परिशिष्टातच दिलंय. त्यावरून भरपाई ५,३२,०६२ रुपये. देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. वयाचा आणि पगाराचा पुरावा इथेच कामी येतो. वाढत्या वयाबरोबर गुणक उतरतो, म्हणून हजेरीपत्रकात वय चढवून लिहिलेलंही सापडतं. शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा.

‘तो आमचा माणूस नाही, कंत्राटदाराला विचारा’ हे साहेबांचं ठरलेलं उत्तर. खात्याच्या नेहमीच्या कामासाठी माणूस लावला असेल तर मूळ मालक म्हणून खातंही भरपाईला बांधील असतं. नंतर त्याने कंत्राटदाराकडून वसूल करावं. नोटीस दोघांनाही स्पीड पोस्टाने पाठवा.

एवढ्यातून वाचलेल्याला दावा लावून देणारा एजंट गाठतो. त्याची ठरलेली चूक ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची. वेतन २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय लागू असेल, तर त्याच इजेसाठी नुकसानभरपाई कायद्याखाली दावा चालत नाही. तिथे अपघाताचा अहवाल फॉर्म १२ वर जातो आणि कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं. एजंट हे न विचारताच ‘फाइल खर्च’ घेऊन दावा लावतो आणि तो पहिल्याच हरकतीला पडतो. पगारातून ईएसआय कापलं जात असेल तर विमा क्रमांक आधी तपासा. कापलं, पण क्रमांकच काढला नाही, असंही निघतं.

दुसरी युक्ती ‘साठ टक्क्यांचं सर्टिफिकेट काढून देतो’ ही. दिव्यांग प्रमाणपत्राची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतली घट या वेगळ्या गोष्टी आहेत. बनावट दाखला उलटतपासणीत उघडा पडला की खरी इजाही संशयात येते.

आणि पैसे खात्यात जमा व्हायच्या सुमारास एजंट पासबुक, एटीएम कार्ड आणि सही केलेला कोरा चेक मागतो. भरपाईची रक्कम दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, असं कायद्यातच आहे. त्यामुळे ‘तीस टक्के माझे’ असा लेखी करार दाखवला तरी देऊ नका. वकिलाची फी पावतीवर द्या आणि अर्जावर सही करण्याआधी त्यातले वय, वेतन, अपघाताची तारीख हे तिन्ही रकाने भरलेले आहेत ना, ते बोट ठेवून वाचा.