कोळंबी, खेकडे आणि मऊ प्रवाळ: ६० लिटरच्या खाऱ्या टाकीचं सव्वा वर्ष

मागच्या वर्षी फेब्रुवारीत समुद्री जीव ठेवायची ही काचेची टाकी घेतली, आता दुसरा मे संपत आलाय. दोन उन्हाळे काढल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ठाण्यात समुद्री टाकी डिसेंबरात पाहिली तर कुठलीही चांगलीच वाटते. खोलीचा पारा ३३ वर जातो, पंखा गरम वारा फेकतो, भर दुपारी वीज जाते, तेव्हा टाकी काय लायकीची आहे ते कळतं. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते: टाकी मे महिना धरून घ्या.

माझी टाकी ४५ सेंटीमीटर लांब, ३५ रुंद आणि ३८ उंच आहे. मागे काळ्या ॲक्रिलिकच्या भिंतीआड तीन कप्पे: पहिल्यात स्पंज, दुसऱ्यात सिरॅमिकचे तुकडे, तिसऱ्यात पाणी परत पुढे फेकणारी मोटर. वर क्लिपने बसणारा ३२ वॉटचा दिवा. नाव देत नाही, कारण हाच साचा बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतो, आणि ज्या खोड्या पुढे सांगणार आहे त्या मला मिळालेल्या टाकीच्या आहेत. दिव्यासकट १६,५०० रुपये पडले. दुकानात हिला ६० लिटरची म्हणतात. वाळू-दगड टाकल्यावर मी पाच लिटरच्या कॅनने मोजून पाणी भरलं, ४४ लिटर मावलं. हा आकडा टाकीवर चिकटवून ठेवलाय, कारण पुढचा सगळा हिशोब ४४ वर चालतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मोजून बघायची सवय हातातच आहे. दुकानात शेजारीच एक २५ लिटरची टाकी होती, पुढची काच गोलाई दिलेली, टेबलावर मावणारी, सात हजारांनी स्वस्त. मुलीला तीच हवी होती, आणि खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत मलाही. पण मी पिशवीत मोजपात्र नेलं होतं. दुकानदाराला म्हटलं, दादा, दोन्ही टाक्यांच्या शेवटच्या कप्प्यात पाणी ओतून बघू द्या. मोटर बुडलेली राहील तिथपासून वरच्या खुणेपर्यंत किती पाणी मावतं, एवढंच मला बघायचं होतं. लहान टाकीत जेमतेम अर्धा लिटर मावलं. मोठीत पावणेदोन.

हे का बघायचं, ते नीट सांगते, कारण दिवा आणि काच यांच्याबद्दल सगळे बोलतात, या कप्प्याबद्दल कोणी बोलत नाही. टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. पुढच्या भागात पाण्याची पातळी कायम तेवढीच दिसते, सगळी घट त्या शेवटच्या कप्प्यात होते. माझ्या टाकीत मे महिन्यात, वर छोटा पंखा लावलेला असताना, दिवसाला सव्वा लिटर पाणी उडतं. पावसाळ्यात अर्धा लिटर. म्हणजे लहान टाकी घेतली असती तर उन्हाळ्यात मी लॅबमधून परत यायच्या आत मोटर हवा खात घरघरत बसली असती. आणि मोटर चालत राहिली तरी क्षारता, म्हणजे हजार भाग पाण्यात मिठाचे किती भाग ते, चढतेच. माझ्या ४४ लिटरला तीन दिवस गोडं पाणी घातलं नाही, तर ३५ ची क्षारता ३८ च्या वर जाते. माणसाला ३५ आणि ३८ मध्ये चव कळणार नाही. कोळंबीला कळते. कात टाकायच्या वेळी अंगाबाहेरचं पाणी असं बदललेलं असलं, तर जुन्या कवचातून ती सुटत नाही आणि तिथेच मरते.

म्हणून दुकानात जाल तेव्हा मोजपात्र न्या. शेवटच्या कप्प्यात निदान एका दिवसाचं उडणारं पाणी मावलं पाहिजे, आणि तिथे हात जाऊन स्पंज बाहेर काढता आला पाहिजे. माझ्या टाकीत हात जातो. पूर्ण गुण.

पाणी आपोआप भरणारं सेन्सरचं यंत्र मी पहिल्याच एप्रिलमध्ये घेतलं. त्याच्या शेजारी गोड्या पाण्याची बरणी मुद्दाम तीनच लिटरची ठेवली आहे. सेन्सर अडकला आणि सगळी बरणी टाकीत रिकामी झाली, तरी क्षारता ३३ च्या आसपास उतरेल, जीव वाचतील. २० लिटरचा कॅन जोडून गावाला जाणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा.

उष्णतेचं म्हणाल तर पंख्याने पाणी ३१ वरून २८ वर येतं, त्याखाली नाही. पुस्तकात २५-२६ लिहिलेलं असतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आधी हवा दमट होते तेव्हा पाणी कमी उडतं, त्यामुळे पंख्याचा गारवाही कमी होतो. तेच सहा-सात दिवस मला सगळ्यात अवघड जातात. तेव्हा रात्री एसी लावते. चिलर घेतलेला नाही, कारण माझ्याकडचे जीव २८ सोसतात. वीज जाते तेव्हासाठी मोटर इन्व्हर्टरवर जोडलेली आहे. सहा वॉटची मोटर तासन्‌तास चालते.

आता खोड्या. पाणी मागच्या कप्प्यात जातं त्या फटी रुंद आहेत. पेरभर लांबीच्या, शेपटी वर करून डोलणाऱ्या त्या छोट्या कोळंब्या, ज्यांना दुकानात सेक्सी श्रिम्प म्हणतात, त्यातली एक दुसऱ्याच दिवशी नाहीशी झाली. चार दिवसांनी स्पंज धुवायला काढला तर मागे जिवंत सापडली. प्लास्टिकची बारीक जाळी कापून फटींना लावली तेव्हा थांबलं. दुसरी खोडी जास्त गंभीर: दिव्याच्या क्लिपचा स्क्रू लोखंडी होता. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वर चढून मिठाचा थर जमतो, तीन महिन्यांत स्क्रूवर गंज आला आणि तो थेंब थेंब टाकीत उतरायच्या बेतात होता. नायलॉनचा स्क्रू बारा रुपयांना मिळतो. तो दुकानातूनच यायला हवा होता. झाकण म्हणून दिलेली काच मी काढूनच ठेवली आहे. ती लावली की पाणी तापतं. बारीक जाळीची चौकट करून घेतली.

दिवा मात्र चांगला आहे. निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, आणि मऊ प्रवाळांना, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्यांना, पुरून उरतो. मी निळा ६० टक्के, पांढरा २० टक्के, रोज आठ तास ठेवते.

टाकीत मासा एकही नाही, आणि ठेवणारही नाही. भाचा आला की निमो कुठे विचारतो. पण मासा आजारी पडला की औषध आलं, त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, आणि तांबं म्हणजे कोळंबी-खेकड्यांना विष. शिवाय ४४ लिटरमध्ये मासा राजा होतो, बाकीचे कपारीत तोंड लपवून बसतात. मासे नाहीत म्हणून क्लीनर श्रिम्प जातीच्या माझ्या दोन्ही कोळंब्या दिवसभर समोर असतात. लाल पाठ, मधोमध पांढरा पट्टा, आणि अंगापेक्षा लांब पांढऱ्या मिशा. टाकीत हात घातला की आधी एक मिशी हलकेच मनगटाला लागते. मग ती पोहत येते, बोटावर उभी राहते आणि नखाच्या कडेची मेलेली कातडी अगदी बारीक चिमटे काढत वेचायला लागते. दुखत नाही, गुदगुल्या होतात. लॅबमध्ये दिवसभर हातमोजे घालून, सतत सॅनिटायझर लावून माझ्या नखांच्या कडा कायम सोललेल्या असतात. ती सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवते.

पहिल्यांदा कात टाकली तेव्हा सासूबाई घरी होत्या. त्यांचा लॅबमध्ये फोन आला, "अगं, तुझी एक कोळंबी गेली बघ. पांढरी पडलीये, हलत नाही." मी घाबरून घरी आले. वाळूवर पडलं होतं ते मिशांसकट, पायांसकट, डोळ्यांवरच्या झिलईसकट अख्खं रिकामं कवच. कोळंबी दगडाच्या मागच्या कपारीत होती, रंग ताजा, अंग मऊ. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे मिशीसुद्धा मिशीतून ओढून काढली का तिने?" असं त्यांनी विचारलं. तेव्हापासून कात टाकली की सासूबाईच तारीख कॅलेंडरवर लिहितात, दुधाच्या हिशोबाशेजारी. साधारण तीन-चार आठवड्यांनी एक नोंद असते. ते कवच काढून टाकू नका, बाकीचे जीव खातात.

खेकड्यांत एक पोर्सेलीन क्रॅब आहे, तो तोंडाजवळचे दोन पिसांसारखे पंखे उघडून पाण्यातले कण गाळून खातो, अगदी एका लयीत, डावा मग उजवा. आणि शंखात राहणारे पाच हर्मिट. त्यांना वाढत्या मापाचे मोकळे शंख ठेवावेच लागतात, नाहीतर गोगलगायीला मारून तिचं घर घेतात. माझी एक गोगलगाय अशीच गेली, शंख ठेवायला मी उशीर केला म्हणून. शोभेच्या दुकानातले वार्निश लावलेले किंवा रंगवलेले शंख घेऊ नका.

आता प्रवाळाचं, आणि इथे मला स्पष्ट बोलायचंय. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मी जिथे टाकी घेतली तिथे नाही, दुसऱ्या एका दुकानात मला आतल्या खोलीत नेऊन पिशवीतलं दगडी प्रवाळ दाखवलं. बिल मागितलं तर "मॅडम, याचं बिल नसतं." मी परत आले. माझं माहेर मालवणचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचं प्रवाळ बाबांनी मला होडीतून दाखवलं होतं, पाणी नितळ होतं त्या दिवशी. तो भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झाला. तिथून काय, कुठल्याच किनाऱ्यावरून उपटलेला तुकडा मला माझ्या बैठकीत नको.

मग माझ्या टाकीत काय आहे? मशरूम, झोअँथिड आणि एक लेदर कोरल, हे मऊ प्रवाळाचे तीन प्रकार, तिन्ही घरच्या टाकीत वाढवणाऱ्या एका बाईंकडून घेतलेले, कापून वाढवलेले तुकडे. दगडही समुद्रातले नाहीत, भाजलेल्या सिरॅमिकचे आहेत. सुरुवातीला पांढरेशुभ्र दिसतात, सहा महिन्यांत जांभळट होतात. मशरूम सुरुवातीला रुपयाच्या नाण्याएवढे दोन होते, आता सात आहेत.

झोअँथिडला हात लावताना हातमोजे घालाच. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय तीव्र विष असतं. त्यांचा दगड उकळायचा नाही, कडक ब्रशने घासायचा नाही, घरात लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर आधी विचार करा. दुकानात हे मला कोणीही सांगितलं नाही.

पाणी: घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी मी आधी मोजलं, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ७० आला. पिण्याला ठीक, टाकीला नाही, शेवाळ माजतं. आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली, आता शून्य येतो. ३५ च्या क्षारतेसाठी लिटरला साधारण ३८ ग्रॅम समुद्री मीठ, तराजूवर. दर रविवारी पाच लिटर बदलते, तासाभराचं काम आहे. चौपाटीवरून पाणी आणा असं सांगणारे भेटतील, मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी आणू नका.

पाणी आणि दगड घातल्यावर मी सहा आठवडे टाकीत एकही जीव सोडला नाही. जिवांना विषारी असलेले अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, असं सलग आठ दिवस आलं तेव्हा पहिले हर्मिट आणले. कोळंब्या चौथ्या महिन्यात. आणल्या त्या दिवशी पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंबथेंब दीड तास सोडलं.

एकूण खर्च: टाकी १६,५००, आरओची जोडणी, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट, पंखा, सेन्सर, मीठ आणि दगड धरून आणखी तेवढाच. महिन्याला मीठ, रेझिन आणि खाणं मिळून ८०० ते ९०० रुपये. भरलेली टाकी ऐंशी किलोच्या घरात जाते, कॉम्प्युटर टेबलावर ठेवू नका. मी लोखंडी स्टँड वेल्डरकडून करून घेतला आणि त्याला इपॉक्सी रंग दिला.

महिन्यातून आठ-दहा दिवस फिरतीवर असाल तर ही टाकी घेऊ नका. दगडी प्रवाळाचीच ओढ असेल तर हीच नव्हे, कुठलीच टाकी घेऊ नका.

गेल्या आठवड्यात मोठ्या कोळंबीच्या पोटाखाली हिरवट अंडी होती. या जातीत प्रत्येक कोळंबी नरही असते आणि मादीही, त्यामुळे दोघी आळीपाळीने अंडी धरतात. मंगळवारी रात्री दिवा बंद झाल्यावर मी मोटर थांबवली आणि काचेला टॉर्च लावला. उजेडाच्या पट्ट्यात डोळ्यांचे काळे ठिपके असलेली शेकडो पिल्लं उसळत होती. सकाळपर्यंत त्यातलं एकही उरत नाही, प्रवाळ आणि पोर्सेलीन क्रॅब खाऊन टाकतात. सासूबाई स्टुलावर बसून होत्या. टॉर्चचा सेल उतरायला लागला तेव्हा त्या उठून नवीन सेल घेऊन आल्या.